दोघांचा मिळून एक भाव

५०, ५६, ६१, ६६, ७१, ७३, ७५, ७५.

ही ओळ एका टायब्रेकची आहे. मेलबर्नचे रॉड लेव्हर अरीना, २७ जानेवारी २०२४, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम लढत. रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडेन यांनी सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीकडून पहिल्या सेटचा टायब्रेक ७-० असा घेतला. गुणफलकाने त्याची नोंद ७-६ (०) अशी केली. कंसातल्या एका शून्यात सगळे उरकले. वरचे आठ आकडे त्याच सात गुणांचे आहेत, फक्त मोजमाप निराळे. बोपण्णा-एबडेन सामना जिंकले तर एक रुपया मिळेल, हरले तर काही नाही, असा एक करार बाजारात विकायला आहे असे समजा. टायब्रेकच्या सुरुवातीला आणि पुढे प्रत्येक गुणानंतर तो करार किती पैशांना विकला जावा, ते या ओळीत आहे.

त्या दिवशी खऱ्या बाजारात पडलेले हे भाव नव्हेत. हे मी कागदावर मांडलेले गणित आहे. दोन्ही जोड्या तुल्यबळ धरल्या, प्रत्येक गुण नाणेफेकीचा धरला, आणि एक सेट जिंकणाऱ्या तुल्यबळ जोडीला सामना जिंकण्याची संधी चारात तीन असते, एवढे शाळकरी सूत्र वापरले. इतकी साधी मांडणी मुद्दाम घेतली. खरा बाजार या ओळीपासून जिथे जिथे ढळतो, तिथे त्याला काहीतरी ठाऊक असते किंवा ठाऊक असल्याचा भ्रम असतो. ते ढळणे वाचायचे, तर आधी मूळ ओळ कानात बसायला हवी.

आता ती सावकाश वाचा. पहिल्या तीन गुणांनी सोळा पैसे दिले. शेवटच्या तिघांनी मिळून साडेचार. ज्या सातव्या गुणावर प्रेक्षागृह सगळ्यात मोठ्याने गरजते, त्याची किंमत अर्धा पैसासुद्धा नाही. सेट जिंकल्याचा आनंद सातव्या गुणाला मिळतो, पण सेट जिंकण्याचे काम दुसऱ्या-तिसऱ्या गुणालाच बरेचसे होऊन गेलेले असते. टीव्हीवरचा समालोचक आवाज चढवत नेतो, भावाची रेषा मात्र चढता चढता मंदावते. दोघे एकच सामना सांगत असतात. मला दुसऱ्याचे सांगणे जास्त आवडते.

अर्थात नाणेफेकीचे गृहीतक टेनिसला पुरत नाही. सर्व्हिस करणाऱ्याचे पारडे जड असते, दुहेरीत तर फारच, कारण नेटजवळ जोडीदार टपून उभा असतो. टायब्रेकमध्ये पहिली सर्व्हिस एकाची आणि मग दोन-दोन गुणांनी बाजू बदलते. म्हणजे ७-० या निकालात जिंकणाऱ्या जोडीने प्रतिस्पर्ध्यांच्या सर्व्हिसवर कमीत कमी तीन गुण काढलेच पाहिजेत, पहिली सर्व्हिस स्वतःची असेल तर चार. रिसीव्ह करणारी जोडी शंभरात पस्तीस गुण जिंकते असे धरले, तर ७-० घडण्याची शक्यता शंभरात एकही भरत नाही. म्हणून खऱ्या बाजारातली रेषा माझ्या ओळीसारखी गुळगुळीत चढणार नाही. स्वतःच्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणाला ती जेमतेम सरकेल आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर काढलेल्या गुणाला टुणकन उडी मारेल. जाणकार डोळा त्या उड्यांवर असतो.

आणि हा सामना असा, की त्यात गेम म्हणून सर्व्हिस भेदली गेली ती एकदाच. दुसऱ्या सेटमध्ये ५-५ असताना, अकराव्या गेममध्ये, इटालियन जोडीची. पुढचा गेम राखून बोपण्णा-एबडेन यांनी ७-६ (०), ७-५ असा सामना संपवला. एक तास एकोणचाळीस मिनिटे. त्रेचाळीसाव्या वर्षी बोपण्णाला पुरुष दुहेरीचे पहिले ग्रँड स्लॅम मिळाले. खुल्या युगात हे विजेतेपद इतक्या वयात कोणीच मिळवलेले नव्हते. आधीचा मान २०२२ साली चाळिशीत फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या जाँ-ज्युलियन रॉयेरचा होता.

त्या अकराव्या गेमचे गणित मला टायब्रेकहूनही देखणे वाटते. सर्व्हिस राखण्याचे प्रमाण शंभरात ८५ धरा. ५-५ ला बोपण्णा-एबडेन यांचा भाव ७५, कारण एक सेट खिशात आणि दुसरा बरोबरीत. आता पुढे दोनच वाटा. इटालियनांनी सर्व्हिस राखली, तर भाव ७१ वर येतो. भेदली गेली, तर ९६ वर जातो. म्हणजे खाली चार पैसे आणि वर एकवीस. ही विषमता पाहून कोणी म्हणेल, मग तर घ्यायलाच हवे! पण शंभरातल्या ८५ वेळा चार पैसे जातात आणि १५ वेळा एकवीस येतात. दोन्हींची गोळाबेरीज पुन्हा ७५. चोख भावाचे लक्षण हेच, की पुढच्या सगळ्या शक्यता त्यात आधीच तोलून बसवलेल्या असतात. सर्व्हिस राखली गेली की भाव किंचित घसरतो. काही घडले नाही असे गुणफलक सांगतो, पण भाव सांगतो की एक संधी गेली. न घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवणारे हे एकमेव समालोचन.

हा भाव ठरवतो कोण? लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी उभे राहतात, कोणी मूठभर कांदे उचलून दाबून पाहतो, कोणाला काल चेन्नईत काय दर निघाला ते ठाऊक असते, कोणाला नुसती घाई असते, आणि पुकाऱ्यातून एक आकडा निघतो. तो आकडा त्यांच्यातल्या कोणा एकाच्या डोक्यात आधी नव्हता. फ्रीडरिख हायेक यांनी १९४५ च्या निबंधात किमतीचे हेच काम सांगितले होते: विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा करणे. १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठाने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर छोट्या रकमांचा बाजार भरवला, तेव्हापासून ही कल्पना निकालांच्या भाकितासाठी पद्धतशीर वापरात आहे. खेळांत तिचे एक मोठे घर बेटफेअर. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेल्या या एक्स्चेंजने बुकीला बाजूला सारून गिऱ्हाइकांनाच एकमेकांसमोर उभे केले. एकाने ७४ ला घेतो म्हणायचे, दुसऱ्याने ७६ ला देतो म्हणायचे, आणि मधली फट बाजाराचा आत्मविश्वास सांगते.

दुहेरीत ती फट रुंद असते. एकेरीच्या उपान्त्य सामन्यावर जगभरचा पैसा लोटतो, तर दुहेरीच्या दुसऱ्या फेरीला गिऱ्हाईक विरळ. अशा विरळ बाजारासाठी रॉबिन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञाने एक हिकमत शोधली. समोर कोणी नसले तरी एक यंत्र कायम भाव सांगत बसते, आणि जो जितके घेतो तितका भाव लॉगरिदमच्या वळणाने वर सरकतो. त्या वळणाची एक खुंटी असते. ती शंभर रुपयांवर बसवली, तर ५० वरून ६० वर भाव न्यायला साधारण बावीस रुपये मोजावे लागतात, ७५ वर न्यायला एकोणसत्तर. भरवणाऱ्याचे जास्तीत जास्त नुकसानही एकोणसत्तरच. हे गणित मला फार नीटस वाटते, कारण त्यात मताची किंमत ठरलेली आहे. तुम्हाला वाटते की जोडी ७५ ची आहे? वाटू द्या, पण बाजाराला तसे बोलायला लावायचे तर एवढे मोजा. ज्याला नुसते वाटत असते, तो ६० वरच थांबतो.

आता या बाजारातल्या अवघड जागेकडे येऊ. टेनिसची क्रमवारी व्यक्तीची असते आणि दुहेरी खेळते जोडी. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये उपान्त्यपूर्व फेरी जिंकताच बोपण्णाचे जागतिक पहिले स्थान पक्के झाले, आणि फेब्रुवारी संपण्याआधी एबडेनही त्या जागी पोहोचला. पण दोन पहिल्या क्रमांकांची बेरीज म्हणजे पहिल्या क्रमांकाची जोडी नव्हे. डाव्या बाजूला कोण उभा राहणार, रिटर्न पडल्यावर नेटवरचा गडी कधी आडवा धावणार, सर्व्हिसपूर्वी पाठीमागे हात नेऊन बोटांनी केलेली खूण दुसऱ्याला पटली का, दुहेरी चूक झाल्यावर जोडीदार रॅकेटला रॅकेट टेकवतो की पाठ फिरवतो, यांतले काहीही क्रमवारीत नाही. गणिती मंडळी दोघांच्या मानांकनाची सरासरी काढतात, जोडीने एकत्र खेळलेले सामने जोडतात, कोर्टाचा पृष्ठभाग पाहतात. तिथवर त्यांचे यंत्र आणि बाजार हातात हात घालून चालतात. जोडी नवी असली की दोघांचाही पाय अडखळतो.

याचा सर्वांत गोड दाखला २०१४ च्या विम्बल्डनचा. जॅक सॉक आणि व्हासेक पॉस्पिसिल यांची जोडी म्हणून ती पहिलीच स्पर्धा होती, आणि त्यांनी अंतिम फेरीत ब्रायन बंधूंना पाच सेटांत हरवले. ब्रायन बंधू म्हणजे जुळे भाऊ, जन्मापासूनची जोडी. स्पर्धा सुरू होताना कोणत्याही यंत्राला सॉक-पॉस्पिसिलबद्दल सांगण्यासारखे फार काही नव्हते, कारण जोडी म्हणून इतिहासच नव्हता. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निक किर्गिओस आणि थानासी कोकिनाकिस वाइल्ड कार्डवर आत आले आणि विजेते होऊनच बाहेर पडले. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर मॅक्स पर्सेल आणि हाच एबडेन होता. अशा जोडीच्या बाजारात एक गोष्ट हटकून दिसते: नाव मोठे, गर्दी घरची, म्हणून भाव फुगलेला. हौशी पैसा नावावर येतो. किर्गिओसच्या बाबतीत तो फुगवटा शेवटी खरा ठरला, हा भाग वेगळा. फुगलेला भाव कधीकधी जिंकतो, म्हणून तो फुगलेला नव्हता असे होत नाही.

बोपण्णा-एबडेन यांना २०२४ मध्ये दुसरे मानांकन होते. इटालियन बिगरमानांकित, तरी बोलेली २०१५ चा विजेता, फाबिओ फोग्निनीच्या जोडीने. विजेत्यांचा प्रवास चढत्या भावाचा असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत जेम्स डकवर्थ आणि मार्क पोलमन्स यांनी त्यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेचले. उपान्त्य फेरीत तोमास माखाच आणि झांग झिझेन या जोडीने तर ६-३, ३-६, ७-६ असे दमवले, शेवटचा टायब्रेक १०-७. म्हणजे एकाच स्पर्धेत दोनदा ही जोडी अशा जागी उभी होती, जिथे तुल्यबळांचा भाव ५० असतो. चषकावर नाव कोरणाऱ्याला त्या दोन पन्नाशींशी कर्तव्य नसते. बाजाराचा इतिहास त्या जपून ठेवतो, आणि चषकाकडे पाहून ‘हे होणारच होते’ म्हणणाऱ्याला तिथे बोट ठेवून दाखवता येते.

दहा गुणांच्या टायब्रेकबद्दल माझे मत जरा कडक आहे. एटीपीच्या नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीचा तिसरा सेट खेळलाच जात नाही, त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. शिवाय ४०-४० झाले की एकच निर्णायक गुण, आणि रिसीव्हर कोण हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. २००६ पासून हे असे आहे. वेळापत्रकाला सोयीचे, टीव्हीला सोयीचे, पण भाकितात त्याने मिठाचा खडा पडतो. सर्व्हिस करणारा शंभरात ६५ गुण जिंकत असेल, तर जुन्या पद्धतीत तो शंभरातले ८३ गेम राखतो, निर्णायक गुणाच्या पद्धतीत ८०. आणि प्रत्येक गुण ५५ टक्के शक्यतेने जिंकणारी चांगली जोडी पूर्ण तीन सेटांत शंभरात नव्वदहून थोडी अधिक वेळा जिंकेल, तर तिसरा सेट दहा गुणांत आवरला की ८७ च्या आसपास येईल. तीन-चार पैशांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्या तीन-चार पैशांवरच या बाजारातली हुशार माणसे पोट भरतात. मेलबर्नला जाण्याआधी ॲडलेडच्या अंतिम फेरीत बोपण्णा-एबडेन राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये ११-९ असे हरले होते. ९-९ ला तो सामना दोन गुणांचा उरला होता. त्या पराभवावरून मेलबर्नच्या भावात किती कापायचे? माझ्या मते जवळजवळ काहीच नाही. बाजार मात्र पराभव पाहतो तेव्हा थोडे कापतोच. निकाल डोळ्यांत भरतो, तो किती निसटता होता ते भरत नाही.

विम्बल्डननेही आपल्या परीने तेच केले. पुरुष दुहेरी तिथे पाच सेटांची असायची, २०२३ पासून ती तीनची झाली. लांब सामना सरस जोडीला सावरायला जागा देतो, आखूड सामना देत नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, हॅरी हेलिओव्हारा आणि हेन्री पॅटन ही बिगरमानांकित जोडी तिथे जिंकली. पर्सेल-थॉम्पसनविरुद्ध ६-७, ७-६, ७-६, तिन्ही सेट टायब्रेकला, आणि मध्ये तीन मॅच पॉइंट वाचवून. पॅटनविषयीची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खेळाडू म्हणून नाव होण्याआधी तो विम्बल्डनमध्ये आयबीएमसाठी कोर्टाशेजारी बसून इतरांच्या सामन्यांचे आकडे नोंदवत असे. मॅच पॉइंटला त्याच्या जोडीचा भाव किती पैशांवर गेला असेल, याचा अंदाज त्या कोर्टावर बहुधा त्यालाच सर्वांत नेमका बांधता आला असता.

त्याच दोघांनी २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पुन्हा पोहोचलेल्या बोलेली-वावासोरी यांना गाठले. पहिल्या सेटचा टायब्रेक इटालियनांनी १८-१६ असा घेतला. चौतीस गुण! माझ्या कागदी पद्धतीने पाहिले तर ६-६ पासून तिथे भाव पुन्हा पुन्हा ५० वर परततो, एका गुणाने साडेबासष्ट किंवा साडेसदतीसवर जातो आणि पुढच्याने परत येतो. ६-६, ७-७, ८-८, असे करत १६-१६ पर्यंत अकरा वेळा बरोबरी. आणि मग लागोपाठचे दोन गुण, भाव ७५. यानंतर इटालियन पुढचे दोन्ही सेट हरले.

म्हणजे २०२४ मध्ये ७५ चा भाव जिंकला आणि २०२५ मध्ये हरला. यातला कोणता चुकीचा? एकही नाही. ७५ म्हणणाऱ्याने चारात एकदा हरलेच पाहिजे, न हरला तर त्याचा आकडा खोटा. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये भाकितांची परीक्षा घ्यायची एक रीत सुचवली: सांगितलेली शक्यता आणि घडलेले यांतल्या फरकाचा वर्ग. जिंकलेल्याला ७५ म्हटले तर दोष ०.०६ च्या आसपास, हरलेल्याला म्हटले तर ०.५६. एका सामन्यावरून काही ठरत नाही, शेकडो सामन्यांची सरासरी काढावी लागते. दुहेरीत त्यासाठी चिकाटी लागते, कारण जोड्या इतक्या भराभर बदलतात की शेकडा भरेपर्यंत जोडीच उरत नाही.

एक किरकोळ वाटणारी जागा अशीच रसाची आहे, ती म्हणजे कराराचे कलम. खेळाडू जखमी होऊन मैदान सोडून गेला तर काय? बेटफेअरवर पहिला सेट पूर्ण झालेला असेल तर पुढे जाणारी बाजू विजयी धरतात, नसेल तर सगळे सौदे रद्द. एकेरीत दोन शरीरे असतात, दुहेरीत चार. २०२४ च्या मेलबर्नमध्ये त्यांतले एक शरीर त्रेचाळीस वर्षांचे होते. आपल्या गुडघ्यांत कूर्चा उरलेली नाही, असे बोपण्णा स्वतःच सांगत आला आहे आणि अय्यंगार योगाने आपल्याला उभे ठेवले असेही. (कूर्गचा हा मुलगा पोरवयात टेनिस शिकायला पुण्यात आला, नंदन बाळ यांच्याकडे. पुढे २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर त्याने बालेवाडीतली महाराष्ट्र ओपन जिंकली. योगही पुण्याच्याच गुरुजींचा. पुणेकर यावर हक्क सांगणार नाहीत, असे होणे नाही.) पहिल्या सेटच्या आधी आणि नंतर त्या गुडघ्यांची किंमत कराराच्या त्या एका कलमामुळे बदलते. भाव वाचणाऱ्याने कलम वाचलेले नसेल तर तो अर्धाच मजकूर वाचतो.

हे सगळे मी वाचतो, लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्याआधीही हा प्रांत आपल्याकडे संशयितच होता. त्यात गैर काही नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे आकडे मुंबईत आले आणि त्यातून मटक्याचा धंदा उभा राहिला, हे या शहराने पाहिले आहे. पण मटक्याच्या आकड्यात कोणाचेही ज्ञान साठत नाही, घड्यातून निघाला तो निघाला. दुहेरीच्या भावात ते साठते. खोट्या पैशांवर चालणारे बाजार आहेत, त्यांचे भाव वाचायला काही लागत नाही, आणि कागद-पेन्सिल घेऊन आपला भाव आधी लिहून ठेवायला तर कोणाचीच परवानगी लागत नाही. रसिकाला तेवढे पुरे. पैशाचे ओझे आले की माणूस रेषा वाचेनासा होतो, फक्त तिचे टोक पाहतो.

पैशाने आणखीही घोळ होतात. सामना चालू असताना पंचाच्या यंत्रातला गुण आणि टीव्हीवरचे चित्र यांत काही सेकंदांचे अंतर असते. स्टेडियममध्ये बसून ते सेकंद विकणारे लोक असतात, आणि २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अशा एका ब्रिटिश तरुणाला अटकही झाली होती. पुढे आरोप मागे घेतले गेले. अशा वेळी भाव गुणफलकाच्या आधी हलतो आणि घरी बसलेल्याला तो भविष्यवाणीसारखा वाटतो, प्रत्यक्षात कोणीतरी नुसते आधी पाहिलेले असते. २००७ मध्ये पोलंडमधल्या सोपोट इथल्या एका एकेरी सामन्यात भाव खेळाशी इतका विसंगत वागला की बेटफेअरने सगळे सौदे रद्द केले. खेळाडूंविरुद्ध काही सिद्ध झाले नाही, पण त्यानंतर टेनिसने स्वतःची चौकशी यंत्रणा उभी केली. छोट्या स्पर्धांच्या दुहेरीत बक्षीस तुटपुंजे आणि बघायला फारसे कोणी नसते, म्हणून तिथला भाव अचानक शहाणा झाला तर मी आनंदण्याऐवजी सावध होतो.

माझी या बाजाराविरुद्ध एकच तक्रार आहे. तो दर वेळी कोण जिंकणार एवढेच विचारतो. दुहेरीतला खरा अनिश्चित प्रश्न वेगळाच आहे: ही जोडी पुढच्या हंगामात एकत्र असेल का? बोपण्णा-एबडेन यांनी मेलबर्ननंतर मार्चमध्ये मायामीही जिंकले. ऑगस्टमध्ये एबडेनने पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्ण जॉन पीअर्सच्या जोडीने मिळवले, कारण तिथे देश जोडी ठरवतो. वर्ष संपताना दोघे वेगळे झाले आणि २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बोपण्णा कोलंबियाच्या निकोलास बारिएन्तोसबरोबर उतरून पहिल्याच फेरीत हरला. ‘डिसेंबर २०२४ ला ही जोडी टिकलेली असेल’ असा करार मार्चमध्ये कोणी मांडला असता, तर मायामीचा चषक उचललेल्या दिवशी तो कितीला गेला असता? मी तरी ८० च्या वर लिहिले असते. नक्की उत्तर देऊ शकणारे लोक फार थोडे: ते दोघे, त्यांचे प्रशिक्षक, कदाचित फिजिओ. आणि टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांनुसार खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना टेनिसवर एक पैसाही लावता येत नाही, आतली माहिती बाहेर देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे दुहेरीचा प्रत्येक भाव ज्यांना त्या दोघांचे बरे-वाईट ठाऊक आहे त्यांना वगळून, बाहेर उभ्या असलेल्यांनीच ठरवलेला असतो.